विमा दिल्यावर काय होतं ते मोजलं. काढून घेतल्यावर काय होतं?

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण प्रस्तावात एक वाक्य हमखास लिहितात: "सरकारी आरोग्य विम्याचा निधी कमी झाल्यास गरीब कुटुंबांवर विपरीत परिणाम होतो." वाक्य पटतं, पण संशोधनाचं म्हणून तपासायला घेतलं की तीन जागी अडतं. निधी 'कमी झाला' म्हणजे नेमकं काय झालं? 'परिणाम' कशात मोजणार? आणि तुलना कुणाशी? या तीन प्रश्नांसाठी आज एक गाजलेला शोधनिबंध वाचू आणि त्याची पद्धत आपल्या भागात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या हद्दीवर, चालते का ते पाहू.

कर्नाटकची सीमारेषा

२०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नीरज सूद आणि सहकाऱ्यांचा कर्नाटकच्या 'वाजपेयी आरोग्यश्री' योजनेवरचा निबंध आला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदयरोग, कर्करोग अशा मोठ्या आजारांवर मोफत उपचार देणारी ही योजना आधी राज्याच्या उत्तर भागात सुरू झाली, दक्षिणेत नंतर. त्यामुळे मधे एक रेषा तयार झाली. रेषेच्या वरच्या गावांना विमा, खालच्यांना नाही. माणसं, शेती, पाऊसपाणी जवळपास सारखंच. संशोधकांनी या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या गावांची तुलना केली.

निष्कर्ष मोठा होता. योजनेत बसणाऱ्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण विमा असलेल्या गावांतल्या गरीब घरांत ०.३२ टक्के, तर नसलेल्या गावांत ०.९० टक्के. रुग्णालयात भरती झाल्यावर खिशातून होणारा खर्चही बराच कमी.

निबंधाची सगळ्यात चांगली गोष्ट मात्र या आकड्यांत नाही, ती पडताळणीत आहे. दारिद्र्यरेषेच्या वरच्या घरांना योजना दोन्हीकडे नव्हती. त्या घरांतलं प्रमाण रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच निघालं. उत्तरेकडच्या गावांत रस्ते चांगले किंवा डॉक्टर जास्त असते, तर वरच्या वर्गातही फरक दिसला असता. तो दिसला नाही, म्हणून फरकाचं श्रेय योजनेला देता येतं. तुमच्या अभ्यासात अशी 'जिथे काहीच दिसायला नको' अशी जागा कोणती, हे प्रस्तावातच लिहा.

आता टीका. पहिली, घट जवळपास दोन-तृतीयांश आहे. कर्करोग आणि हृदयविकारात शस्त्रक्रिया मिळूनही बरेच रुग्ण वाचत नाहीत, मग केवळ पैशाची अडचण दूर झाल्याने इतकी घट? मृत्यूची संख्या थोडी आणि कारण घरच्यांना विचारून नोंदवलेलं असेल, तर थोड्याशा चुकीनेही टक्केवारी बरीच हलते. म्हणून दिशेवर विश्वास ठेवावा, आकड्यावर जरा जपून.

दुसरी टीका आपल्या विषयाला थेट भिडते. हा निबंध विमा *मिळाल्यावर* काय होतं ते सांगतो. तो काढल्यावर बरोबर उलटं होईल, असं गृहीत धरता येत नाही. विमा आलेला असताना कुटुंबाने बायपास करून घेतली, आयुष्यभराच्या गोळ्या सुरू झाल्या, घरच्यांनी आजारपणासाठी पैसे बाजूला ठेवायचं सोडलं. अशा घराचा विमा काढणं आणि ज्याला तो कधी मिळालाच नव्हता असं घर, या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

कपातीचा पुरावा कुठे आहे?

चांगला पुरावा अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा. तिथे २००५ साली सरकारी योजनेतून सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांना वगळलं. गार्थवेट, ग्रॉस आणि नोटोविडिग्डो यांनी दाखवलं की वगळलेल्यांपैकी बरेच जण विमा देणाऱ्या नोकऱ्या शोधू लागले. याच तिघांच्या पुढच्या निबंधाचा निष्कर्ष आपल्याला जास्त उपयोगाचा आहे: विमा नसलेला एक माणूस वाढला की रुग्णालयांवर वर्षाला साधारण ९०० डॉलरचा न भरून येणारा खर्च पडतो. कपातीने खर्च नाहीसा होत नाही, तो सरककतो.

तिकडे तो रुग्णालयावर सरकला. नोकरीबरोबर विमा मिळणं ही गोष्टच दुर्मिळ असलेल्या गिरडमध्ये तो कुठे सरकेल? कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याकडे बचत गट, सोयरे, सावकार आणि शेवटी वावर, एवढेच पर्याय. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात एका भरतीचा (बाळंतपण सोडून) सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये, तर खासगीत २७,३४७ रुपये होता. मधलं अंतर म्हणजे कर्ज.

पण सावध राहा. ही सरासरी *भरती झालेल्यांची* आहे. पैसे नाहीत म्हणून जो गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य. म्हणजे विमा काढल्यावर काही घरांचा खिशातला खर्च कमी झालेला दिसेल आणि अहवालात ती सुधारणा म्हणून छापली जाईल. खर्चाच्या जोडीला 'डॉक्टरांनी सांगितलेला उपचार घेतला का, नसेल तर का नाही' हा प्रश्न नसेल, तर प्रश्नावली अपुरी आहे.

जाहीर न होणारी कपात

'कपात' शब्दाने डोळ्यांसमोर शासन निर्णय येतो. प्रत्यक्षात ती तीन वाटांनी येते, आणि तिन्ही ठिकाणी कुणी कपात हा शब्द उच्चारत नाही.

एक, सुधारित अंदाज. केंद्राच्या आयुष्मान भारत विमा योजनेसाठी २०१९-२० मध्ये ६,४०० कोटींची तरतूद होती, सुधारित अंदाजात ती ३,२०० कोटी झाली. २०२०-२१ मध्ये पुन्हा ६,४००, आणि पुन्हा ३,१०० वर खाली. ही कपात म्हणायची का? लगेच नाही. काही राज्यं तेव्हा योजनेबाहेर होती, नंतर कोविड आला, भरत्या घटल्या. पैसा कमी दिला म्हणून उपचार कमी झाले, की उपचार कमी झाले म्हणून पैसा कमी लागला? अंदाजपत्रकाचा रकाना हे सांगत नाही.

दोन, महागाई. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. ही मर्यादा ५ लाख करण्याचा निर्णय जुलै २०२३ चा, अंमल १ जुलै २०२४ पासून. (केंद्राच्या यादीत नाव असलेल्यांना ५ लाख आधीपासून होते.) महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर बारा वर्षांनंतरच्या दीड लाखाची किंमत २०१२ च्या हिशेबाने साधारण ८३-८४ हजार उरते. कुणी काही कापलं नाही, तरी जवळपास निम्मं गेलं. हेच गणित शस्त्रक्रियांच्या ठरवलेल्या दरांना लावा. दर वर्षानुवर्षं तेच राहिले की रुग्णालय एकतर रुग्ण टाळतं किंवा 'वरचे' पैसे मागतं.

तीन, उशिरा मिळणारे दावे. इथे कार्ड चालू, यादीत नाव, पण पैसे थकलेत म्हणून खाट नाही. कागदावर लाभार्थ्यांची संख्या तेवढीच राहते. छत्तीसगडमधल्या २०२० च्या निबंधात गर्ग आणि सहकाऱ्यांना आयुष्मान योजनेमुळे खिशातला खर्च कमी झाल्याचं आढळलं नाही. कार्ड असणं आणि संरक्षण असणं यांतलं हे अंतर मोजल्याशिवाय 'किती लाभार्थी घटले' हा आकडा काही कामाचा नाही.

गिरडची हद्द

गिरड म्हटलं की लोकांना टेकडीवरचा शेख फरीद बाबांचा दर्गा आठवतो. संशोधकाला मात्र इथे दुसरंच काही दिसायला हवं. गाव वर्धा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे, पलीकडे नागपूर जिल्हा. फुले योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांना सगळीकडे लागू होती. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना मात्र फक्त १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत. वर्धा त्यांत होता, नागपूर नव्हता. २०२४ मध्ये योजना सगळ्यांना खुली होईपर्यंत हद्दीच्या अलीकडचा सातबारावाला आत, पलीकडचा बाहेर. दोघांची माती तीच, पिकं तीच, मोठा आजार झाला तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर हेच पर्याय.

कर्नाटकसारखीच रेषा, नाही का? इथेच घाई होते. हद्दीवरून फक्त विमा बदलतो का, ते तपासा. २००६ चं पंतप्रधान पॅकेज विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी होतं. वर्धा आत, नागपूर बाहेर. २०१५ पासून त्याच १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळू लागलं आणि २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. म्हणजे 'जिथे काही दिसायला नको' म्हणून केशरी कार्ड निवडलं, तर तिथेही दुसऱ्या योजनेचा परिणाम दिसेल. पिवळं कार्ड त्यापेक्षा बरं. शिवाय कोविडच्या काळात योजना सर्वांना खुली केली होती, म्हणून २०२० नंतरची वर्षं वेगळी काढावी लागतील. इतकं करूनही हा अभ्यास विमा *असण्याचा* होईल. कपातीसाठी दाव्यांच्या थकबाकीची तारीखवार नोंद हवी.

समाजाचं काय?

'समाज सांभाळून घेईल' असं म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामचा अनुभव पाहावा. कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी विमा योजना उभी केली: सुगीत घराघरांतून ज्वारी जमवायची, जमीन जास्त त्याची पायली जास्त, गावातली बहुतेक घरं सामील व्हायला हवीत. आजारी पडलेल्याचा भार सगळ्या गावाने उचलायचा, हे लोकांना पटत होतं. पण जमलेल्या ज्वारीतून रुग्णालयाचा खर्च निघत नव्हता. ही संस्था ५० टक्के केंद्राच्या आणि २५ टक्के राज्याच्या अनुदानावर चालते. गावाची एकजूट खरी होती, तिच्या खाली सार्वजनिक पैसा होता. तो काढल्यावर एकजूट किती दिवस टिकते, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी अभ्यासलेला प्रश्न आहे. घरागणिक सर्वेक्षणात तो सापडणार नाही. बचत गटाच्या वहीत सापडेल: आजारपणासाठी किती कर्जं गेली, किती थकली, आणि थकल्यावर कोणत्या बाईने गट सोडला.

तुमच्या प्रस्तावातलं ते पहिलं वाक्य आता असं लिहून पाहा: कोणत्या वाटेने आलेली कपात, कोणत्या कार्डाच्या घरांवर, कशात मोजलेली, कुणाच्या तुलनेत. चारही जागा भरता आल्या तर विषय सापडला. एक जरी रिकामी राहिली तर गाइडकडे जाण्याआधी तालुक्याला जा आणि एखाद्या आरोग्यमित्राला विचारा, गेल्या महिन्यात किती रुग्ण परत पाठवले आणि का.