चिखल आणि नेपथ्य : कुरोसावाच्या प्रभावासंबंधी

चित्रपटाच्या क्षेत्रात 'प्रभाव' ही संज्ञा बहुधा कथानकाच्या उसनवारीपुरतीच वापरली जाते. अकिरा कुरोसावाच्या बाबतीत या उसनवारीची वंशावळ आता अभ्यासकांना तोंडपाठ आहे : 'योजिम्बो' (१९६१) वरून सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४), 'सेव्हन सामुराई' (१९५४) वरून जॉन स्टर्जेसचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०), आणि या दुसऱ्या शाखेचीच एक भारतीय फांदी म्हणजे 'शोले' (१९७५). वंशावळ खरी आहे. पण ती सांगून झाल्यावर समीक्षेच्या हाती फारसे काही उरत नाही. कथा प्रवास करतात, हे रामायणाच्या देशात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. प्रवासात काय गळून पडते, हा अधिक मोलाचा प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील एक जागा उपयोगी पडते. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ लोकांच्या तोंडी 'कर्जतचा' असला तरी तो चौक परिसरात, खालापूर तालुक्यात आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या 'जोधा अकबर' (२००८) साठी आग्र्याचा किल्ला येथे उभा राहिला. त्याआधी 'लगान' (२००१) साठी या दोघांनीच कच्छच्या माळावर चंपानेर वसविले होते आणि त्या कामाबद्दल देसाई यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

'लगान'चे नाते 'नया दौर' (१९५७) शी जवळचे आहे, हे मान्य करूनही त्यातील एकेक गडी जमविण्याचा भाग 'सेव्हन सामुराई'ने जगभर रूढ केलेल्या रचनेबाहेरचा मानता येत नाही. दिग्दर्शकाच्या कबुलीची येथे गरज नाही. रचना साक्ष देते. मात्र ही रचना स्वीकारताना तिच्या मुळाशी असलेला व्यवहार गळाला आहे. कुरोसावाचे शेतकरी सामुराईंना भाताच्या मोबदल्यात आणतात. पाहुण्यांना भात वाढून ते स्वतः भरड धान्यावर राहतात. रक्षक आणि रक्षित यांच्यातील सारा संशय या ताटातल्या फरकातून निर्माण होतो. 'शोले'मध्ये भाडोत्री रक्षकांना मोबदला देणारा ठाकूर असतो, गाव प्रेक्षक होते. 'लगान'मध्ये तर रक्षकच नाहीसे होतात. शेतकरी स्वतः लढतात. लोकशाहीवादी मनाला हा बदल सुखावणारा आहे. पण त्यामुळे दोन वर्गांनी एकमेकांना निरखण्याचा जो कडवट, अस्वस्थ करणारा अवकाश मूळ कृतीत होता, तो मिटतो. कचऱ्याच्या प्रसंगात अस्पृश्यतेच्या रूपाने तो क्षणभर उघडतो आणि एका भाषणात बंद होतो.

दुसरी गळती अधिक सूक्ष्म आहे. 'सेव्हन सामुराई'तील गाव स्टुडिओत न उभारता इझू द्वीपकल्पावर बांधले गेले, आणि त्या गावाचा नकाशा हीच चित्रपटाची खरी पटकथा आहे. कांबेई हा ज्येष्ठ सामुराई गावाच्या चारी दिशा तपासतो. शेतांत पाणी सोडून एक बाजू अडवितो, ओढ्यापलीकडची घरे सोडून देतो, उत्तरेची वाट मुद्दाम मोकळी ठेवतो. प्रेक्षकाला गाव पाठ होते, म्हणूनच शेवटच्या झुंजीत प्रत्येक घोडा कुठून आला हे त्याला कळते. आणि नेमक्या त्याच वेळी पाऊस कोसळतो, नकाशाचा चिखल होतो. 'लगान'मध्येही पाऊस येतो. पण सामना जिंकल्यानंतर, बक्षिसासारखा. निर्णायक झुंज होते ती सपाट मैदानावर, आखलेल्या सीमारेषेच्या आत. एका पावसात माणसे घसरून पडतात, दुसऱ्यात नाचतात. या एका फरकात दोन चित्रपटांमधले अंतर मोजता येते.

'जोधा अकबर'च्या किल्ल्यात हे अंतर आणखी वाढते. कुरोसावाची नेपथ्यरचना नासण्यासाठी उभारलेली असते : 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) चा गड फुजी पर्वताच्या काळ्या मातीत, धुक्यात उभा राहतो, 'रान' (१९८५) मधला गड खरोखरच पेटवून दिला जातो. कर्जतचा किल्ला मात्र चित्रीकरण संपल्यावरही उभा राहिला, पर्यटकांना दाखविला गेला. जे टिकवायचे आहे त्यावर चिखल उडू देता येत नाही. त्यामुळे वास्तू घटनेत भाग घेत नाही, घटनेमागे उभी राहते. याचा दोष एकट्या कलादिग्दर्शकाकडे जात नाही. मुघल दरबाराला वैभव हवेच होते, आणि कायमस्वरूपी स्टुडिओचे अर्थकारण नेपथ्याला मालमत्ता मानल्याशिवाय चालत नाही. ते अर्थकारण किती जड होते, हे २ ऑगस्ट २०२३ रोजी याच स्टुडिओत झालेल्या देसाई यांच्या अकाली अंतानंतर सर्वांसमोर आले.

येथे भूगोलाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या तालुक्यात ही वास्तू आहे तेथील पाऊस शोभेचा नाही. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली. एरवी हा भाताचा मुलूख आहे; कर्जतला भात संशोधनाचे केंद्र आहे, आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्याला खाचरातल्या भाताची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. भात देणारा आणि भरड खाणारा, हे कुरोसावाचे ताट येथे परके वाटण्याचे कारण नाही.

'सेव्हन सामुराई'च्या शेवटी गावकरी गात, ढोल वाजवीत भाताची लावणी करतात आणि उरलेले तीन सामुराई बाजूला उभे असतात. वर टेकाडावर चार थडगी. जिंकले ते शेतकरी, असे कांबेई म्हणतो, पण तो हसत नाही. लावणी करणारी तरुणी आपल्या सामुराई प्रियकराकडे न थांबता चिखलात उतरते. कुरोसावाकडून उचललेल्या कथांमध्ये दरोडेखोर आले, भाडोत्री वीर आले, गोळाबेरीज केलेले संघ आले. ही तरुणी मात्र अजून आलेली नाही.