झाडीतली दोन माणसं

आता पडद्यावर आहे ते चित्र कामी पिसारोचं, १८७७ सालचं. पॅरिसजवळच्या पोंत्वाझ गावात लेर्मिताज नावाची वस्ती आहे, तिथल्या चढावरची ही झाडी. चढाचं नाव कोत दे बफ, म्हणजे बैलांचा चढ. मूळ कॅनव्हास लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची साधारण ११५ सेंटिमीटर, रुंदी ८८. निसर्गचित्र, आणि तेही उभं!

बघताक्षणी आवडावं असं हे चित्र नाही, हे आधी कबूल करूया. खोडं, फांद्या, झुडपं यांची इतकी गर्दी की नजर आत शिरत नाही. मागची घरं तुकड्यातुकड्यांनी दिसतात.

झाडी दाट दाखवायची म्हटलं की आपण काय करतो? गडद हिरवा सपाट मारतो आणि त्यावर फिक्या हिरव्याचे ठिपके देतो. लांबून झाडी वाटते, जवळ गेलं की नुसती नक्षी. कारण त्या ठिपक्यांच्या मागे काहीच घडलेलं नसतं.

इथे मागे बरंच घडलंय. थरावर थर चढलेत, रंगाला चक्क खरखरीत कवच आलंय. अशा वाळलेल्या कवचावरून घट्ट रंगाचा ब्रश हलकेच ओढून बघा. नवा रंग उंचवट्यांवर अडकतो, खाचांतून जुना डोकावत राहतो. दोन्ही रंग एकमेकांत मिसळून मळत नाहीत, शेजारी नांदतात. झाडीतला उजेड असाच असतो ना, तुटक? पण त्यासाठी खालचा थर वाळावा लागतो, आणि जाड तैलरंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. इम्प्रेशनिस्ट म्हणजे तासाभरात उरकणारे, ही आपली समजूत या चित्रापुढे टिकत नाही.

त्याच वर्षी सेझाननेही हीच जागा रंगवली. तो वेगळाच विषय आहे, पुढच्या वेळी घेऊ.

आता डावीकडे खाली बघा. दिसली? दोन माणसं आहेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती आत्ता दिसली असतील. झुडपं ज्या फटकाऱ्यांनी झाली, त्याच फटकाऱ्यांनी तीही झालीत. त्यांना उठाव द्यायचा मोह पिसारोने आवरलाय. काहींना हा दोष वाटतो, चित्राला मध्यबिंदूच नाही म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. दाट झाडीत माणूस असाच उशिरा दिसतो.

स्लाइड बदलू नका, अर्धा मिनिट राहू दे.