गुणलेखकाची खुर्ची म्हणजे सहभाग का?

तुमच्या शाळेतला क्रीडा महोत्सव आठवा. फक्कीच्या रेषा, शिट्ट्या, आरडाओरडा. आणि टेबलाशी गुण लिहायला बसलेलं एक मूल, शेजारी टेकवलेली कुबडी. माझ्या संशोधनासाठी मी शाळा पाहत होते तेव्हा अशीच सातवीतली एक मुलगी भेटली. सर कौतुकाने म्हणाले, "बघा, आम्ही तिलाही सामील करून घेतलंय." तिला विचारलं तर म्हणाली, "माझं अक्षर चांगलंय ना, म्हणून दरवर्षी मलाच बसवतात."

सर खोटं बोलत नव्हते. गोची 'सामील' या शब्दात आहे. तो नीट समजून घ्यायला आज दोन शोधनिबंध पाहू.

पहिला जोसेफ विनिक यांचा, 1987 सालचा. त्यांनी दिव्यांगांच्या क्रीडासहभागाच्या पाच पायऱ्या मांडल्या. एका टोकाला सगळ्यांचा नेहमीचा खेळ. मग थोडी सोय करून तोच खेळ. असं करत दुसऱ्या टोकाला फक्त दिव्यांगांसाठीचा वेगळा खेळ. मांडणी उपयोगी आहे, कारण 'एकत्र की वेगळं' या दोनच पर्यायांतून ती आपल्याला सोडवते. पण तिच्यात मोजलं जातं ते मूल कुठे उभं आहे एवढंच. तिथे त्याचं काय चाललंय, हे कळत नाही.

गोलबॉल घ्या. चेंडूत घुंगरू असतात, सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात. डोळस मुलंही त्यात उतरली तर अंध मूल कदाचित सर्वांत तरबेज ठरेल. विनिक यांच्या क्रमात मात्र हा प्रकार चौथ्या पायरीवर, म्हणजे 'अधिक बंधनं' असलेल्या टोकाकडे जातो. मला हे पटत नाही.

दुसरा निबंध डोना गुडविन आणि जेन वॉटकिन्सन यांचा, 2000 सालचा. त्यांनी शारीरिक अपंगत्व असलेल्या नऊ शाळकरी मुलांनाच त्यांचा अनुभव विचारला. मुलांच्या बोलण्यातून 'चांगले दिवस' आणि 'वाईट दिवस' असे दोन भाग निघाले. आपण यांच्यातले आहोत असं वाटलं, कौशल्य दाखवता आलं, खेळाचा फायदा मिळाला, तो चांगला दिवस. एकटं पडलो, आपल्या क्षमतेवर शंका घेतली गेली, खेळायला पुरतं मिळालंच नाही, तो वाईट. आता ती गुणलेखकाची खुर्ची यात बसवून बघा. मूल मैदानात आहे, पण खेळात नाही.

पण हा अभ्यास शारीरिक शिक्षणाच्या तासाबद्दल आहे, स्पर्धेबद्दल नाही, आणि माझी खरी अडचण इथेच आहे. तासाला शिक्षक ऐनवेळी नियम सैल करू शकतात. स्पर्धेत तसं केलं की लगेच ओरड होते, "हा अन्याय आहे!" ती ओरड अगदीच चुकीची नाही. म्हणून बदल मैदानावर नाही, तर नियम लिहिताना व्हायला हवा; सर्वांना आधीच माहीत असलेला. लंगडीत पकडणाऱ्याने एका पायावरच धावायचं, हे आपण ठरवलेलंच बंधन आहे ना? त्याला कुणी सवलत म्हणत नाही. मग रिलेत एक टप्पा व्हीलचेअरचा, किंवा प्रत्येक गटासाठी गोलबॉलचे गुण मुख्य गुणतक्त्यात, याला सवलत का म्हणायचं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 शाळांना सांगतं की खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्या. टेबलाशी बसवणं ही बरोबरी नव्हे.

तुम्ही शिक्षक किंवा पालक असाल तर पुढच्या वेळी 'किती दिव्यांग मुलं सहभागी झाली?' एवढ्यावर थांबू नका. त्यांच्यापैकी कितीजणांनी आपल्या गटाला गुण मिळवून दिले, तेही विचारा. त्या मुलीने इतकी वर्षं दुसऱ्यांचेच गुण लिहिलेत.