‘झाले’ आणि ‘केले’ : लोकप्रतिनिधीच्या निवेदनाची भाषा

१

विधानसभेच्या सदस्याने आपल्या मतदारांसाठी काढलेले निवेदन सहसा वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येत नाही. ते वाचले जाते, क्वचित जपून ठेवले जाते आणि बहुधा रद्दीत जाते. तथापि ठरलेला वाचक, ठरलेला प्रसंग, ठरलेली शब्दकळा आणि ठरलेली वाक्यरचना ही लेखनप्रकाराची लक्षणे मानली, तर अधिवेशनानंतर निघणारा कार्यअहवाल, चौकातील फलक आणि गल्लीच्या तोंडाशी बसविलेली कोनशिला ही एकाच प्रकाराची तीन रूपे होत, असे म्हणावयास हरकत नाही. या प्रकाराचे मूल्यमापन त्याच्या शैलीवरून करावयाचे नसून, त्यातून मतदाराला काय कळते यावरून करावयाचे आहे. आणि काय कळते हे पुष्कळदा एका क्रियापदाच्या निवडीवर अवलंबून असते.

या परीक्षणासाठी मानखुर्दचा परिसर विशेष उपयुक्त आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडण्यापूर्वी मुंबईच्या हद्दीत लागणारे हे हार्बर मार्गावरील शेवटचे स्थानक. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली ‘मानखुर्द शिवाजीनगर’ या नावाच्या मतदारसंघात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. हा भाग महानगरपालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागात मोडतो. २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात याच विभागाचा निर्देशांक शहरातील सर्व विभागांत नीचतम ठरला होता. जेथे उणिवा इतक्या, तेथे कोणती उणीव कोणी भरून काढावयाची हे नागरिकाला नेमके समजणे, ही चैनीची बाब राहत नाही.

२

प्रतिनिधीने मतदारांस वार्ता कळवावी, ही कल्पना नवी नाही. सतराव्या शतकातील इंग्रज कवी अँड्र्यू मार्व्हेल हा हल या नगराचा पार्लमेंटातील प्रतिनिधी होता. त्याने तेथील नगरसंस्थेला लिहिलेली सुमारे तीनशे पत्रे उपलब्ध आहेत. कोणते विधेयक कोठवर आले, कोणत्या कराची चर्चा झाली, हे त्यांत साध्या गद्यात नमूद केलेले असते. काव्यात श्लेषाचा भोक्ता असलेला हा लेखक पत्रांत अलंकाराला जवळ करीत नाही. वार्ता देणारा आणि वार्तेचा नायक या दोन भूमिका भिन्न आहेत, ही जाण त्या पत्रांत सर्वत्र आहे.

मराठीतील थोर उदाहरण याहून अधिक बोलके आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले ‘झाले’. प्रत्यक्षात कोणी ते खुले ‘केले’ नाही. ही त्रुटी बोले यांच्याही ध्यानात आली असली पाहिजे. कारण ठराव न अंमलात आणणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ साली मांडला. पहिल्या ठरावातील वाक्याला जबाबदार कर्ता नव्हता. दुसऱ्याने तो पुरविण्याचा यत्न केला.

फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले. २० मार्चला महाडला तळ्याचे पाणी घेतले गेले आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. कायदेमंडळाचा सदस्य आणि पत्राचा संपादक ही दोन कामे एका हाती आली. महाडच्या प्रसंगावर या पाक्षिकात लागोपाठ जे अग्रलेख आले, त्यांची मांडणी समीक्षकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. एका लेखात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी, दुसऱ्यात इंग्रज सरकारची, तिसऱ्यात खुद्द अस्पृश्य वर्गाची, अशी ती पृथक् पृथक् तपासलेली आहे. घटना एक, परंतु कर्ते तीन. आणि तिसरा कर्ता म्हणजे स्वतः वाचक. वाचकाला केवळ लाभार्थी न मानता वाक्याच्या कर्तृस्थानी बसविणे, हे या लेखनाचे खरे सामर्थ्य होय.

३

या पार्श्वभूमीवर आजच्या प्रचलित निवेदनाचे व्याकरण पाहावे. मुंबईच्या कोणत्याही उपनगरात आढळणारा नमुना असा : ‘अमुक यांच्या अथक प्रयत्नाने तमुक रस्त्याचे काम मंजूर.’ कारकदृष्ट्या येथे ‘प्रयत्न’ हे करण आहे, कर्ता नव्हे. मंजुरी देणारा अधिकारी वा संस्था हा खरा कर्ता. तो वाक्यातून गाळलेला आहे. पण कर्त्याचे आसन रिकामे राहिले की वाचक जवळच्या नामाला तेथे बसवितो, आणि ‘प्रयत्नाने’ला जोडलेले नाव आपोआप कर्ता भासू लागते. खोटे एकही अक्षर नसताना गैरसमज मात्र पुरता होतो.

दुसरे असे की, ‘मंजूर’ हे विशेषण एकटेच उभे आहे; क्रियापद नाही, म्हणून काळ नाही. केव्हा मंजूर, कितीसाठी, काम केव्हा आरंभणार, यांपैकी कशाचीही जबाबदारी ते घेत नाही. ‘प्रस्तावित’, ‘प्रगतिपथावर’, ‘पाठपुरावा सुरू’ ही त्याचीच भावंडे. जेथे क्रियापद येते तेथे ते बहुधा ‘करण्यात आले’ या साच्यात येते. हा साचा शासनव्यवहाराच्या मराठीत रुळलेला असून, निर्णय व्यक्तीचा नसून पदाचा आहे हे सांगण्यासाठी त्याचा उपयोग रास्तही आहे. परंतु शासकीय आदेशात आदेश काढणाऱ्या विभागाचे नाव मथळ्यावर असते. तोच साचा कार्यअहवालात आला की मथळा गळतो आणि केवळ निनावी क्रिया उरते.

गंमत अशी की, खुद्द सभागृहाची भाषा इतकी सैल नाही. तारांकित प्रश्नाचा मराठी आराखडा न्यायालयीन उलटतपासणीसारखा बांधीव आहे. ‘हे खरे आहे काय’ येथून त्याचा आरंभ होतो. ‘असल्यास’ या शब्दाने चौकशी व कार्यवाही विचारली जाते. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा प्रश्न येतो. मंत्र्याचे उत्तरही क्रमांकवार द्यावे लागते : ‘होय’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. या आराखड्यात विशिष्ट मंत्री उत्तरदायी असतो, काळ निश्चित असतो, आणि काम न होणे ही देखील सांगण्याजोगी माहिती मानलेली असते. कार्यअहवालात हे शेवटचे अंग सर्वस्वी लोपलेले दिसते. न झालेल्या कामाला तेथे वाक्यच नाही.

४

मानखुर्दमध्ये या व्याकरणदोषाची किंमत कोण देतो, हे पाहिले म्हणजे विषय केवळ शैलीचा राहत नाही. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे, ती महानगरपालिकेची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागून धूर शहरभर पसरला, तेव्हा पालिका, राज्य शासन आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिघांकडेही बोट दाखविले गेले. रेल्वेस्थानक केंद्राच्या अखत्यारीत. रेल्वेमार्ग व रस्ते यांसाठी हलविलेल्या कुटुंबांच्या लल्लुभाई कंपाउंडसारख्या वसाहतींचा संबंध महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी. झोपडपट्टी पुनर्वसनाचे प्राधिकरण पुन्हा निराळे. अशा ठिकाणी ‘पाणीप्रश्न मार्गी लावण्यात आला’ हे वाक्य वाचलेल्या गृहिणीच्या नळाला पाणी आले नाही, तर तिने कोणत्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्यात? निवेदनाने कर्ता सांगितला असता, तर तिचा एक दिवसाचा रोजगार वाचला असता.

येथे आणखी एक प्रश्न निगडित आहे : निवेदन कोणत्या भाषेत? मराठी, हिंदी, उर्दू आणि इतरही भाषा बोलणारी कुटुंबे येथे शेजारी राहतात. ९ नोव्हेंबर २००९ रोजी या मतदारसंघाचे सदस्य अबू आझमी यांनी हिंदीत शपथ घेतली, तेव्हा सभागृहातच त्यांच्यावर हात उगारला गेला आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या चार सदस्यांना निलंबित करण्यात आले. संविधानाचा अनुच्छेद २१० राज्याच्या राजभाषेबरोबर हिंदी व इंग्रजीलाही विधिमंडळात स्थान देतो, हे खरे. महाराष्ट्राच्या विधानसभेत मराठीची अपेक्षा बाळगणे अस्वाभाविक नाही, हेही खरे. परंतु त्या वादात सारी चर्चा सभागृहात बोलण्याच्या भाषेची झाली. सभागृहात घडलेले मतदारसंघात कोणत्या भाषेत पोहोचावे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. वस्तुतः मराठीचा मान आणि मतदाराचे आकलन यांत विरोध नाही. मूळ उत्तर मराठीत आणि त्याखाली त्याचा हिंदी वा उर्दू गोषवारा, अशी रचना दोन्ही साधू शकते.

प्रतिनिधीच्या नावातही हा भेद सूक्ष्मपणे दिसतो. हिंदी भाषक त्याला ‘विधायक’ म्हणतो. त्यात विधी, म्हणजे कायदा करण्याची क्रिया आहे. उर्दूतील ‘रुक्ने असेंब्ली’ त्याला सभेचा स्तंभ ठरवितो. मराठीतील ‘आमदार’ हा शब्द मात्र सुभेदार, अंमलदार, इनामदार यांच्या पंगतीत बसणारा. ‘दार’ या प्रत्ययाने तो काहीतरी धारण करणारा होतो. जो धारण करतो त्याने वाटावे, अशी अपेक्षा मग ओघाने येते. फरसबंदी, दिवे आणि बाके यांच्या याद्यांनी भरलेला अहवाल या अपेक्षेला अनुरूपच असतो. कोणता कायदा झाला, त्यावर आपल्या प्रतिनिधीने कोणते मत दिले, हे ‘विधायका’ला विचारावयाचे प्रश्न ‘आमदारा’ला कोणी विचारीत नाही.

५

प्रतिनिधीच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. स्पष्ट लिहिणे धोक्याचे असते. पश्चिम बंगालच्या विधानसभेचे सदस्य डॉ. जतीशचंद्र घोष यांनी एका सरकारी अधिकाऱ्यासंबंधीचे आपले प्रश्न, अध्यक्षांनी ते नाकारल्यानंतर, १९५५ साली ‘जनमत’ या पत्रात छापविले. अधिकाऱ्याने बदनामीची फिर्याद गुदरली. सभागृहातील भाषणाला असलेले संरक्षण अशा बाह्य प्रसिद्धीला लाभत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. तेव्हा कर्त्याचे नाव टाळण्यामागे केवळ आत्मगौरव नसून कधी सावधगिरीही असू शकते.

परंतु या निर्णयातूनच मार्गही सुचतो. घोष यांनी छापले ते नाकारलेले प्रश्न होते. स्वीकारलेला प्रश्न आणि त्याला मंत्र्याने दिलेले उत्तर यांची गोष्ट निराळी. ती सभागृहाच्या अधिकृत वृत्तांतात नोंदविलेली असतात, आणि कामकाजाच्या सारतः सत्य व निर्हेतुक वृत्ताला अनुच्छेद ३६१-क ने वृत्तपत्रांतही संरक्षण दिले आहे. म्हणजे मंत्र्याचे उत्तर जसेच्या तसे मतदारांपुढे ठेवण्यास सावधगिरीची सबब पुरेशी नाही. त्या उत्तरात विभागाचे नाव, तारीख आणि विलंबाचे कारण आयतेच आलेले असते. सदस्याला आपल्या श्रमांचे श्रेय घ्यावयाचे असेल, तर ‘हा प्रश्न मी विचारला’ हे एकच वाक्य पुरेसे आहे. त्या वाक्याचा तो निर्विवाद कर्ता आहे.

तेव्हा या लेखनप्रकाराची कसोटी अशी ठरते : निवेदनातील प्रत्येक ‘झाले’च्या जागी ‘केले’ घालून पाहावे आणि कर्ता सापडतो का ते तपासावे. सापडला, तर वाचकाला पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे ते कळते. न सापडला, तर कागद कितीही गुळगुळीत असो, मतदाराच्या हाती माहिती पडलेली नसते. महाडचे तळे कागदावर तीन वर्षे खुलेच होते.