साक्ष फार झाली, चाल सांगा

गेल्या पावसाळ्यात एका मंडळीच्या वर्धापनदिनाला गेलो होतो. उपदेशाआधी एका उत्साही गृहस्थांनी हातातल्या पुस्तिकेतून होरेशिओ स्पॅफर्ड या शिकागोच्या वकिलाची कहाणी वाचून दाखवली. जहाज बुडाले, चार मुली गेल्या, बापाने त्याच समुद्रावरून जाताना गीत लिहिले. बायका डोळे पुसत होत्या, एकदोन पुरुषही. लगेच नारायण वामन टिळकांचे एक पद झाले. कीबोर्डवरच्या मुलाने तयार ठेका लावला आणि पद भलत्याच चालीवर, लग्नाच्या वरातीच्या लयीत, गाऊन संपवले. मुलगा बरा वाजवत होता. त्या पदाची जुनी चाल मला लहानपणापासून पाठ आहे. आजूबाजूला पाहिले, कोणाच्याही कपाळावर आठी नव्हती. कवी कोण हे कोणी सांगितले नाही, चाल कुठे गेली हे कोणी विचारले नाही. शिकागोच्या वकिलाच्या मुलींसाठी मात्र पाच मिनिटांपूर्वी देऊळ रडले होते.

हा लेख त्या चिडीतून लिहिला आहे, हे आधीच कबूल करतो.

गीतकारांची चरित्रे लिहिण्याची कला सध्या ‘गीतामागची कथा’ या एकाच प्रकारात येऊन रुतली आहे. इंग्रजीत असल्या पुस्तकांचा ढीग आहे, त्यांची मराठी रूपांतरे निघतात, फोनवरून फिरतात. साचा ठरलेला असतो. आधी पाप किंवा आपत्ती, मग एक काळरात्र, मग गीत. पुढच्या पानावर दुसरा माणूस आणि दुसरी आपत्ती. याला चरित्र म्हणत नाहीत. आपल्या मंडळ्यांत याला एक नेमका शब्द आहे, साक्ष. साक्षीला तिची जागा आहे. पण साक्ष देणारा आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबतो, चरित्रकाराला तशी मुभा नाही.

स्पॅफर्डचेच पाहा. 1873 साली मुली बुडाल्या, इथे पुस्तिका संपते. पुढे त्याचा लहान मुलगा तापाने गेला, आपल्याच चर्चशी त्याचे बिनसले आणि 1881 मध्ये तो पत्नी अ‍ॅनासह काही मंडळी घेऊन जेरुसलेमला जाऊन राहिला. तिथल्या त्या वसाहतीची हकिगत एका कादंबरीला पुरेल इतकी आहे, आणि सेल्मा लागरलोफने ती वापरलीही. हे सांगितले तर अश्रूंचा हिशेब जमत नाही, म्हणून गाळायचे. आणि चाल? चाल फिलिप ब्लिसची. त्याने तिला नावच त्या बुडालेल्या जहाजाचे दिले. गीत छापले गेले 1876 साली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर अ‍ॅशटॅब्युलाचा रेल्वेपूल कोसळून ब्लिस मेला. रडायचेच असेल तर हाही माणूस होता की! पण त्याने शब्द लिहिले नव्हते, नुसती चाल दिली होती.

गीतकार न्यूटनची गोष्ट याहून वाईट. 1748 चे वादळ, गुलामांच्या व्यापाऱ्याला झालेला पश्चात्ताप, ‘अमेझिंग ग्रेस’. ऐकणाऱ्याला वाटते, माणूस वादळातून उतरला आणि साखळ्या तोडत सुटला. प्रत्यक्षात त्या वादळानंतरच तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला, 1754 मध्ये समुद्र सोडला तोही प्रकृतीमुळे, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघायला 1788 साल उजाडले. चाळीस वर्षे लागली. सद्सद्विवेकाला एवढा वेळ लागतो ही खरी हलवून टाकणारी गोष्ट, पण ती पुस्तिकेत मावत नाही. शिवाय गीत आहे 1773 च्या नववर्षदिनाचे, आणि आज जगभर ज्या चालीवर ते गातात ती त्या शब्दांना विल्यम वॉकरने अमेरिकेत 1835 साली जोडली. न्यूटनला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. आपण ज्या सुरांवर गहिवरतो ते सूर न्यूटनने आपल्या शब्दांबरोबर एकदाही ऐकले नाहीत. मग चरित्र कोणाचे लिहायचे?

फॅनी क्रॉस्बीचे आंधळेपण सगळ्यांना ठाऊक असते. आठ हजारांहून अधिक गीते लिहिणाऱ्या या बाईला प्रकाशकाकडून गीतामागे दोनेक डॉलर मिळत, आणि एकाच बाईने सारे पुस्तक भरले असे दिसू नये म्हणून तिची गीते दोनशेच्या आसपास टोपणनावांनी छापली जात, हे कोणी सांगत नाही. तिचे सर्वांत गाजलेले गीत आधी चाल म्हणून जन्मले. फीबी नॅपने चाल वाजवली, ही काय म्हणते असे विचारले, आणि क्रॉस्बीने शब्द सांगितले. एवढ्या एका प्रसंगात या कलेचे सगळे मर्म आहे. वेस्लीच्या सहा हजार गीतांची मोजदाद करणारे विद्वान ग्रंथ मी बाजूला ठेवतो. मोजदाद चोख असते, गाणे ऐकू येत नाही. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणावर लिहिणाऱ्यांना तर सध्या भरतीच आली आहे, पण ते जेझुइट, आणि आमच्या प्रोटेस्टंट देवळातल्या पेटीपर्यंत त्यांची ओवी पोचलेली नाही.

आता आपल्याकडे. नारायण वामन टिळकांचे चरित्र म्हटले की आगगाडी सुटतेच. 1893, नागपूरहून राजनांदगाव, डब्यात भेटलेला गोरा गृहस्थ, त्याने दिलेला नवा करार, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे भाकीत. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. प्रसंग खरा आणि चांगला आहे, पण जॅक विन्स्लोने 1923 साली तो इंग्रजीत सांगितल्यापासून जो उठतो तो त्याच डब्यात चढतो. विन्स्लोला माफ करता येते. तो स्वतः गीतकार होता, टिळकांचे अभंग त्याच्या कानात होते, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो हे टिळकांचे म्हणणे त्याने जपून नोंदवले. त्याच्या मागून आलेल्यांनी पूल सोडला आणि गाडी पकडली.

या सगळ्यांवर भारी पडणारे एक पुस्तक मराठीत आहे. 1934 ते 1936 या काळात ते चार भागांत निघाले आणि वाचकाने ते वाचले आहे असे मी धरून चालतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची आपण बाईंचे आत्मचरित्र म्हणून आरती ओवाळली, बोलीभाषेचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत घातले, विनोदासाठी उतारे काढले. एका प्रोटेस्टंट गीतकाराचे जगातल्या कुठल्याही भाषेतले सर्वांत प्रामाणिक चरित्र म्हणून ते वाचायचे मात्र राहूनच गेले. माझे हे विधान मोठे आहे, आणि ते मागे घेण्याची माझी तयारी नाही. वॉट्सच्या, वेस्लीच्या, क्रॉस्बीच्या वाट्याला लक्ष्मीबाई आली नाही.

तिने काय केले ते पाहा. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नाही. चार-पाच वर्षे पंढरपूर, नाशिक करीत वेगळी राहिली, सोवळ्याओवळ्यात होरपळली, मग आपल्या पायांनी आणि आपल्या कारणांनी त्याच धर्मात आली. म्हणजे भक्ताची बायको असूनही ती भक्तगणांत नव्हती. टिळकांचा तापटपणा, उधळेपणा, हाती येईल ते देऊन टाकण्याची खोड, घरात धान्य नसताना दारात आणून उभे केलेले पाहुणे, हे सगळे ती हसत सांगते आणि एकदाही त्यावर देवाची इच्छा असा शिक्का मारत नाही. पुस्तिकावाल्यांचा कवी आपत्ती आल्यावर लेखणी उचलतो. लक्ष्मीबाईंच्या घरात कविता रोजच्या भांडणाच्या, तापाच्या, उसनवारीच्या शेजारी बसलेली असते, आणि आपत्ती आली की सगळेच आधी भांडी आवरतात. प्लेगच्या छावणीतली पाने पुन्हा काढून पाहा. तिथे गीत कुठून येते हे कळते, कारण ते कुठूनच ‘येत’ नाही, माणसे जगत असतात. आणि टिळक 1919 साली गेल्यावर त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे मागे राहिलेले साठाहून अधिक अध्याय याच बाईने रचले. चरित्रकार आणि गीतकार एकाच पदराला गाठ मारून बसलेले दुसरीकडे दाखवा.

तरी एक उणीव उरतेच. चालींची नोंद ठेवण्यासाठी ते पुस्तक लिहिलेले नाही. ते काम पुढच्यांचे होते, आणि पुढच्यांनी ते केले नाही.

चाल ही शब्दांची नुसती वस्त्रे, असे मला पाळक मंडळी ऐकवतात. हे साफ चूक आहे. नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये हेन्री बॅलंटाइनने इंग्रजी चालींवर मराठी गीते बसवली. गरजेचे काम होते, त्याचे ऋण आहे. पण इंग्रजी गीताची आठ-सहा-आठ-सहा अक्षरांची चाल बहुधा हलक्या मात्रेवर सुरू होते आणि दुसऱ्या अक्षरावर भार टाकते. मराठी शब्दाचे वजन पहिल्या अक्षराशी असते. ‘देवा’ म्हणायला जावे तर ‘दे’ गिळला जातो आणि ‘वा’ लांबतो. कित्येक वर्षे आमच्या लोकांनी देवाला अशी अर्धवट हाक मारली. कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाकडे वळून ती कोंडी फोडायला घेतली, आणि टिळकांनी सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग देवळात आणून ती पार मोडली. हा फरक ईश्वरशास्त्राचा आहे असे माझे म्हणणे आहे. अभंगात गाणारा एका ओळीच्या शेवटी चार अक्षरांवर थांबतो, श्वास घेतो, टाळ पडतो, मंडळी ध्रुपद उचलते. चार आवाजांच्या भजनपुस्तकात मंडळी उभी राहून पाठ वाचते. टिळकांनी फक्त शब्द बदलले असते तर ते एक चांगले भाषांतरकार ठरले असते. त्यांनी मंडळीची बसण्याची पद्धत बदलली, मांडी घालायला लावली.

मग त्यांच्या चरित्रात टाळकरी कुठे आहे? जुन्या गीतपुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल म्हणून दुसऱ्याच पदाचे नाव छापत, कारण ते पद तेव्हा ज्याच्या त्याच्या ओठांवर असे. आज ते मूळ पदही गेले आणि नाव तेवढे उरले. मराठी संगीत नाटकाच्या पदांवर लोकांनी संशोधन केले, गायकांच्या मुलाखती घेतल्या, स्वरलिपी काढल्या. आमच्याकडे पाळकांच्या नेमणुकांच्या तारखा बिनचूक आहेत. ज्या बायकांनी जात्यावरच्या सुरात अभंग ओढून घेतला, ज्या पेटीवाल्याने चार पिढ्यांना सुरावर आणले, त्यांचे नाव वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जाहिरातींच्या मागे देखील सापडत नाही. मंडळीत कोणी म्हणाले की यामुळे विश्वास वाढत नाही, तर मी विचारीन की स्पॅफर्डच्या जहाजाने कितीसा वाढला.

एक चरित्र मला वाचायला आवडेल. लुई बूर्ज्वा, कॅल्व्हिनच्या जिनीव्हात स्तोत्रांना चाली देणारा. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ म्हणून आपण जी गातो ती याच्या नावावर मोडते. 3 डिसेंबर 1551 ला नगरसभेने त्याला तुरुंगात टाकले. गुन्हा असा की लोकांच्या ओळखीच्या चाली त्याने परवानगीशिवाय बदलल्या. कॅल्व्हिन मध्ये पडला म्हणून सुटला. गाणाऱ्यांची कुरकूर तरी थांबली नाही. पाठ झालेले मोडून पुन्हा शिकायला ते तयार नव्हते. मी आधी या गोष्टीवर हसत असे, धर्मवेड्यांचे गाव म्हणून. वर्धापनदिनानंतर हसू येत नाही. जिनीव्हातल्या लोकांना निदान कळले होते की चाल बदलली.