‘आभासी’ पॅकेजांची परिभाषा : एक चिकित्सा

पारिभाषिक संज्ञेचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर करावे लागते. संज्ञा भाषेच्या घडणीत बसते की नाही, ही पहिली कसोटी. आणि ती वस्तूचे जे ज्ञान करून देते ते यथार्थ आहे की नाही, ही दुसरी. संगणक-विभागांत रूढ झालेल्या ‘ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन’ या तंत्राची परिभाषा दुसऱ्या कसोटीवर तपासण्याजोगी आहे. येथे शब्दाने झालेली दिशाभूल कोशाच्या पानावर थांबत नाही. ती यंत्रांच्या दैनंदिन व्यवस्थापनात उतरते.

प्रस्तुत विवेचनासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲप-व्ही’ या प्रणालीचे उदाहरण घेतले आहे. सॉफ्ट्रिसिटी या कंपनीने ‘सॉफ्टग्रिड’ या नावाने विकसित केलेली ही प्रणाली २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आली; २०१२ मध्ये तिची पाचवी आवृत्ती नव्या रचनेसह निघाली. तिचे कार्य असे. एखादा प्रोग्रॅम नेहमीच्या रीतीने इन्स्टॉल केला असता तो आपल्या फाइली व रजिस्ट्रीतील नोंदी बहुधा सामाईक जागी ठेवतो. दोन प्रोग्रॅमांना एकाच घटकाच्या भिन्न आवृत्त्या हव्या असल्यास संघर्ष उद्भवतो. ॲप-व्हीमध्ये ‘सीक्वेन्सर’ नावाचे साधन एका स्वच्छ यंत्रावर इन्स्टॉलेशन चालू असताना होणारे बदल टिपून घेते आणि त्यांचे पॅकेज तयार करते. वापरकर्त्याच्या यंत्रावर हे पॅकेज स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते. प्रोग्रॅम ठराविक जागेवरील फाइल मागतो आणि ‘क्लायंट’ त्याला पॅकेजमधील फाइल आणून देतो. प्रोग्रॅमला मात्र आपण रीतसर इन्स्टॉल झालो आहोत असेच वाटत असते.

अशा प्रोग्रॅमला मराठीत ‘आभासी’ म्हणतात. लॅटिनमधील सामर्थ्यवाचक शब्दापासून सिद्ध झालेल्या ‘व्हर्च्युअल’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘रूपाने नसले तरी कार्यतः असलेले’ असा होतो. ‘आभास’ शब्दाचा कल याच्या उलट आहे. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा, परंतु हेतूचे कार्य न करणारा. रसाभासातही अनौचित्यामुळे रस उणावतो. पदार्थविज्ञानातील ‘आभासी प्रतिमा’ ही संज्ञा समर्पक आहे, कारण ती प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. पॅकेजमधील फाइली मात्र डिस्कवर प्रत्यक्ष असतात, जागा व्यापतात आणि चालतात. आभास असतो तो केवळ त्यांच्या स्थानाविषयी. तेव्हा ‘आभासी प्रोग्रॅम’ या पदातील विशेषण चुकीच्या विशेष्याला लागले आहे. जे सदोष घटक पॅकेजमध्ये आहेत तेही वास्तवच आहेत. पॅकेजमध्ये जुनी जावा असेल तर यंत्रावरील जावा अद्ययावत केल्याने ती बदलत नाही. त्यासाठी पॅकेजच सीक्वेन्सरमध्ये पुन्हा उघडून त्याची नवी आवृत्ती काढावी लागते. ‘आभासी’ या शब्दाने ही जबाबदारी दृष्टीआड होण्याचा संभव आहे.

दुसरी संज्ञा ‘बबल’ अथवा बुडबुडा. पॅकेजच्या कार्यकारी परिसरासाठी व्यवस्थापकांच्या बोलीत ती रुळली आहे. बुडबुड्याला आत आणि बाहेर असते, व दोहोंमध्ये सर्व बाजूंनी सारखा पडदा असतो. प्रत्यक्षात हा पडदा एकतर्फी आहे. आतील प्रोग्रॅमला यंत्रावरील फाइली दिसतात. बाहेरच्या प्रोग्रॅमला पॅकेजमधील फाइली अपेक्षित जागी सापडत नाहीत. फोल्डर व रजिस्ट्री यांच्या बाबतीत स्थानिक आशय पॅकेजच्या आशयात मिसळावा की झाकला जावा, हेही पॅकेज करतानाच ठरवता येते. शिवाय आतील प्रोग्रॅम वापरकर्त्याच्याच अधिकारांनी चालतो व त्याचे दस्तऐवज उघडू शकतो. ही व्यवस्था संघर्ष टाळण्यासाठी आहे, सुरक्षेसाठी नव्हे. रूपकाने तिला तटबंदीचे स्वरूप दिले, हा रूपकाचा दोष होय.

नामांपेक्षा क्रियापदांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पॅकेज यंत्राला ‘ॲड’ करणे, वापरकर्त्याला ‘पब्लिश’ करणे आणि ते ‘माउंट’ करणे या तीन भिन्न क्रिया आहेत. पहिलीने यंत्राला पॅकेजची ओळख होते, दुसरीने वापरकर्त्याला त्याचे चिन्ह दिसते, तिसरीने त्याचा सर्व आशय यंत्रावर येतो. आशय मागणीनुसार आणण्याची सोय असल्याने प्रकाशित झालेले पॅकेज यंत्रावर पूर्णपणे उतरलेले असेलच असे नाही. कार्यालयाबाहेर जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर चिन्ह दिसावे पण प्रोग्रॅम चालू नये, असा प्रसंग यातूनच येतो. मराठीत तिन्ही क्रियांसाठी सरसकट ‘बसवणे’ हे एकच क्रियापद वापरले, तर हा भेदच बुजतो.

‘ग्लोबल’ प्रकाशन म्हणजे त्या एका यंत्रावरील सर्व वापरकर्त्यांसाठीचे प्रकाशन. त्याचा ‘जागतिक’ असा शब्दशः अनुवाद हास्यास्पद ठरेल. ‘यंत्रव्यापी’ हा शब्द अर्थाला धरून आहे. ‘रिपेअर’ हे क्रियापद तर याहून घातक. या आज्ञेने पॅकेज वापरकर्त्याने केलेल्या बदलांपासून मुक्त होऊन मूळ अवस्थेला येते, म्हणजे त्याने जतन केलेल्या मांडण्या पुसल्या जातात. ‘दुरुस्ती’ म्हणताच मोडलेले सांधले जाईल अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात काहीतरी गमावले जाते. येथे ‘मूळपदावर आणणे’ हाच प्रामाणिक अनुवाद होय.

या परिभाषेत सर्वच उणे आहे असे मात्र नाही. पॅकेज न बदलता त्याचे वर्तन बदलण्यासाठी दोन बाह्य फाइलींची योजना आहे : एकीत यंत्राशी व सर्व वापरकर्त्यांशी संबंधित मांडणी, दुसरीत विशिष्ट वापरकर्त्यांपुरती. त्यांचे ‘कॉन्फिगरेशन’ हे नाव वस्तूला न्याय देते. प्रत्येक पॅकेजला दोन ओळखक्रमांक असतात. सुधारणा झाली असता पॅकेजचा क्रमांक कायम राहतो व आवृत्तीचा बदलतो. तादात्म्य आणि परिवर्तन यांतील हा विवेक कोणत्याही संपादकाला मान्य होईल. अनेक पॅकेजांना एकच परिसर देणारा ‘कनेक्शन ग्रूप’ मात्र या नावाने पुरता कळत नाही. गटातील पॅकेजांना अग्रक्रम असतो, आणि दोहोंत एकाच जागेची फाइल असल्यास तो अग्रक्रमच निर्णायक ठरतो. नावाने जोडणी कळते. उतरंड कळत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की संज्ञा ही केवळ खूण आहे. रूढी व्युत्पत्तीहून बलवान असते, व वापराने अर्थ आपोआप नेमका होतो. वस्तू आधी जाणणाऱ्यांपुरते हे खरे आहे. पण मराठीतून हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शब्द प्रथम भेटतो आणि वस्तू नंतर. त्याच्या मनात शब्दाने केलेली पहिली आखणी पुढे सहज पुसली जात नाही.

‘आभासी’ हा शब्द आता रुळला आहे, तो काढून टाकण्याचा आग्रह व्यर्थ होय. तथापि पाठ्यपुस्तकात तो देताना आभास कशाविषयी आहे, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे : प्रोग्रॅम वास्तव, त्याचे स्थान आभासी. क्रियापदांच्या बाबतीत तडजोडीला वाव नाही. जितक्या क्रिया तितकी क्रियापदे, हा नियम पाळला गेला तरच या विषयाची मराठी परिभाषा वापरणाऱ्याच्या भरवशाला पात्र ठरेल.