परत वाचू की आठवून लिहू?

बारावीच्या बायोलॉजीचं रिव्हिजन चाललंय? मग रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा प्रयोग बघाच. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला: 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने मात्र 42 विरुद्ध 56! परत वाचल्यावर 'आलं की सगळं' वाटतं, ते का, हे इथे कळतं.

पण मर्यादाही बघा. उतारे छोटे होते आणि मोजलं ते फक्त आठवणं. नेफ्रॉनमध्ये पाणी कुठे आणि का शोषलं जातं, ही समज त्यात तपासलेली नाही. म्हणून नुसत्या व्याख्या आठवू नका. कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढा, प्रत्येक बाणाचं कारण लिहा, मग पुस्तक उघडा. जे चुकलं, तेवढंच परत वाचा.